सांदण दरी एका दिवसात करताय? आधी या चुका टाळा

मुंबई-ठाण्याहून सांदण एका दिवसात होते का, असं दर डिसेंबरात कोणी ना कोणी विचारतंच. होते की, आरामात होते, फक्त नेमकं काय करायला चाललोय ते घरून निघायच्या आधी ठरलेलं पाहिजे, कारण सांदणच्या नावाखाली लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे साम्रद गावातून दरीत शिरायचं, पहिल्या रॅपलच्या (दोराने कडा उतरायच्या जागेच्या) टोकापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. दुसरी म्हणजे दोर लावून पूर्ण दरी उतरून खाली कोकणात डेहणे गावाकडे निघायचं. पहिली गोष्ट बऱ्यापैकी चालायची सवय असलेल्या कोणालाही एका दिवसात जमते. दुसरी पण दिवसात होऊ शकते, पण तिला सामान लागतं, माहितगार माणसं लागतात आणि पहाटेच गावात हजर असावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका याच गोंधळातून होतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साम्रद हे अहिल्यानगर जिल्ह्यात (आधीचा अहमदनगर), अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे अगदी सह्याद्रीच्या कड्यावर वसलेलं गाव. बाजूला रतनगड, समोर अलंग-मदन-कुलंग, आजोबाचा कडा. गावापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की जमिनीला पडलेल्या भेगेत आपण उतरायला लागतो आणि दोन्ही बाजूंच्या कातळभिंती उंच होत जातात, काही ठिकाणी 200 फुटांच्या वर, आणि रुंदी कुठे कुठे इतकी कमी की दोन माणसं शेजारी चालली तर खांद्याला खांदा लागतो. आशियातली दुसऱ्या नंबरची दरी वगैरे जे सगळीकडे फिरतं ते सोडून द्या, सांदणला त्याची गरज नाहीये, ती आहे तशीच जबरदस्त आहे.

गाडी वर आणि आपण खाली

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ग्रुप आपल्या गाडीने साम्रदला येतो, गाडी गावात लावतो, दरीत उतरतो, रॅपल करतो, आणि संध्याकाळी खाली डेहणेच्या बाजूला पोचल्यावर लक्षात येतं की गाडी तर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि आपण पायथ्याला, शहापूर तालुक्यात. मग एकतर करोली घाटाच्या पायवाटेने पुन्हा वर चढायचं, तेही दिवसभर दगडांवर उड्या मारून पाय थकलेले असताना आणि बऱ्याचदा अंधारात, नाहीतर डेहणेहून जीप करून शहापूर, कसारा, इगतपुरी, घोटी, शेंडी असा सगळा वळसा मारून साम्रद गाठायचं, ज्यात अख्खी रात्र जाते. पूर्ण दरी करायचीच असेल तर स्वतःची गाडी आणूच नका. रात्रीच्या लोकलने कसाऱ्याला उतरा, आधी सांगून ठेवलेल्या जीपने साम्रदला या, आणि खाली डेहणेला दुसरी जीप उभी राहील असं ठरवा, जी तुम्हाला आसनगाव स्टेशनला सोडेल. दोन्ही जीप घरून निघायच्या आधी पक्क्या करा, कारण वर पोचल्यावर फोन लागेलच याची खात्री नाही. आणि स्वतःची गाडी आणणार असाल तर पहिल्या रॅपलवरून परत फिरायचं, हे सकाळीच सगळ्यांना सांगून टाका, तिथे पोचल्यावर ‘आलोच आहोत तर उतरूया ना’ वाली चर्चा नको.

मॅपवर दरीची पिन टाकू नका

डेस्टिनेशन म्हणून साम्रद गाव टाका आणि रस्ता घोटी-शेंडी वरूनच जातोय ना ते बघून घ्या. डेहणे आणि साम्रद नकाशावर अगदी जवळ दिसतात, पण मधे अख्खा घाटमाथ्याचा कडा उभा आहे, गाडीरस्ता नाही. मुंबईहून अंतर साधारण 180 किलोमीटर आहे, पण शेंडीच्या पुढचे शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर वळणांचे आणि अरुंद, तिथे हायवेचा हिशोब चालत नाही, तासभर धराच.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कारवाल्यांना कसारा घाट टाळता येतो आणि त्याने खरंच वेळ वाचतो. पण समृद्धीवर टू-व्हीलरला परवानगी नाही, त्यामुळे बाइकवर येणाऱ्यांनी जुना मुंबई-नाशिक हायवे आणि कसारा घाट धरूनच वेळ काढावा. ग्रुपमध्ये दोन कार आणि तीन बाइक असतील तर ‘सगळे घोटीला एकत्र भेटू’ म्हणून एकच वेळ देऊ नका, बाइकवाल्यांना आधी निघू द्या. पुणेकरांना आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता आहे, आणि त्यांनाही पहाटे चारच्या आत निघावंच लागतं.

टाकी घोटीला फुल करा, कॅश पण तिथेच काढा. साम्रदला नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणजे यूपीआयचाही नाही. हा सगळा भाग कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश शुल्क द्यावं लागतं, गावात जेवणाचे, पार्किंगचे, वाटाड्याचे पैसे द्यायचे असतात, आणि ज्या माणसाने आपल्यासाठी सकाळपासून चूल पेटवली त्याला ‘काका, घरी जाऊन पाठवतो’ म्हणणं बरोबर नाही.

महिना चुकला की सगळं चुकलं

जून ते सप्टेंबर दरीत पाऊल टाकायचं नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. साम्रदच्या आजूबाजूच्या उतारावरचं पाणी याच भेगेतून खाली कोकणात जातं, भिंती सरळ उभ्या आहेत, बाजूला पळायला जागा नाही, आणि हेच पाणी हजारो वर्षं ही दरी कापत आलंय.

पण खरी फसगत ऑक्टोबरात होते. सकाळी आभाळ स्वच्छ निळं, गवत अजून हिरवं, फोटो भारी येतात, आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास परतीच्या पावसाचे ढग भरून येतात. तुम्ही दरीच्या तळाशी असता, वर बघितलं तर आभाळाची एक अरुंद पट्टी दिसते, त्यात ढग दिसेपर्यंत माथ्यावर पाऊस सुरू झालेला असतो. मेच्या शेवटी वळवाच्या पावसाचंही तेच, काजवे बघायला भंडारदऱ्याला येणारी मंडळी दुसऱ्या दिवशी सांदणला जाऊया म्हणतात, तेव्हा आदल्या दोन दिवसांत तिथे काय पडलंय ते गावात विचारल्याशिवाय उतरू नका. आपल्याकडे घरी ऊन आहे म्हणजे घाटावर पण ऊन असेल असं नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, मार्चपण चालतो.

आत असताना पाण्याचा रंग गढूळ व्हायला लागला, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा वरच्या बाजूने घुमल्यासारखा आवाज यायला लागला तर फोटो, बॅग, डबा सगळं सोडा आणि लगेच उंच जागा धरा, दरीचं तोंड अगदी जवळ असेल तरच तिकडे वळा, कारण पाणी त्याच बाजूने येतं. नाहीतर मोठ्या, पक्क्या दगडाचा उंचवटा बघून वर जा आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबा. वाहत्या पाण्यातून पलीकडे जायचा प्रयत्न करायचा नाही, गुडघाभर वाटलं तरी.

पाण्याचे दोन डोह आणि बुटांचा प्रश्न

दरीत पाण्याचे दोन टप्पे लागतात. पाणी किती, ते महिन्यावर आणि त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून, दिवाळीनंतर लगेच गेलात तर छातीपर्यंतही असू शकतं, फेब्रुवारीत त्याच जागी गुडघाभर. इथे लोक करतात काय, की बूट ओले होऊ नयेत म्हणून काढून हातात घेतात आणि अनवाणी उतरतात. तळाशी सुटे गोल दगड असतात, त्यावर शेवाळ, पाणी इतकं थंड की तळव्याला काही कळत नाही, आणि दोन दगडांच्या फटीत पाय अडकला की घोटा मुरगळलाच समजा. बूट घालूनच उतरा, ओले होऊ द्या. एक हात भिंतीला, पाय घासत घासत पुढे, आधी चाचपायचं आणि मगच वजन टाकायचं. बॅग डोक्यावर, आणि मोबाइल, गाडीची किल्ली, कोरडे मोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बॅगच्या वरच्या कप्प्यात. हल्ली रिमोटची किल्ली असते, ती भिजली तर गावात बसून काहीच करता येत नाही, म्हणून चक्क गावात ज्यांच्याकडे जेवण सांगितलंय त्यांच्याकडेच किल्ली ठेवून जाणारे पण आहेत आणि मला ते पटतं.

बूट कुठले, तर तळाला खोल खाचा असलेले, पकड असलेले. जिमचे गुळगुळीत स्पोर्ट्स शूज कोरड्या बसाल्टवर (सह्याद्रीच्या काळ्या कातळावर) चालतात, ओल्या बसाल्टवर अजिबात नाही.

डोह संपले की मोठे धोंडे सुरू होतात आणि इथून पुढे वेग एकदम कमी होतो. कागदावर दरी जेमतेम दोन किलोमीटरची, म्हणून लोक अर्धा-पाऊण तास धरतात. प्रत्यक्षात धोंड्यावर चढा, बसून घसरा, पलीकडच्याला हात द्या, असं चालतं, आणि दहा जणांच्या ग्रुपला सगळ्यात सावकाश माणसाचा वेग लागतो. पहिल्या रॅपलपर्यंत जायला दीड-दोन तास आणि यायला तेवढेच धरा.

वेळेचं गणित उलटं मांडा

किती वाजता पोचायचं यापेक्षा किती वाजता दरीतून बाहेर यायचं ते आधी ठरवा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण दरीत ऊन फक्त माथ्यावर असतानाच तळापर्यंत येतं, चार-साडेचारलाच आत इतकं अंधारून येतं की दगडांमधली फट दिसत नाही. म्हणून दोनपर्यंत बाहेर. म्हणजे साडेदहा-अकराला रॅपलचं टोक, म्हणजे नऊला दरीच्या तोंडाशी, म्हणजे साडेआठला गावात, म्हणजे ठाण्याहून पहाटे चार, आणि घोटीला नाश्ता वीस मिनिटांत. उशीर झाला तर शेवट कापा, वेळ वाढवू नका. साडेबारा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरा, रॅपलचं टोक दिसलं नाही तरी चालेल, दरीचा सगळ्यात अरुंद आणि देखणा भाग तुम्ही ओलांडलेलाच असतो.

आणि कृपया त्याच दिवशी सोबत रतनगड नको. साम्रदहून त्र्यंबक दरवाजाने वाट आहे म्हणून लोक दोन्ही एकत्र बसवतात आणि दोन्हीची वाट लागते. रंधा धबधबा, विल्सन डॅम (भंडारदऱ्याचं धरण) हे पण येता-जाता उरकायचे प्लॅन बघितलेत. डॅम 1926 पासून तिथेच आहे, पुढच्या वेळी बघता येईल. वेळ उरलाच तर घाटघरचा कोकणकडा करा, तो जवळच आहे आणि गाडीतून उतरून थोडंसंच चालायचं असतं.

बॅच बुक करताना काय विचारत नाही

ट्रेक नेणाऱ्या आयोजकाकडे फक्त फोटो आणि रेट बघून बुकिंग होतं. रॅपलिंग असेल तर विचारा की एका लीडरमागे किती माणसं, प्रत्येकाला हेल्मेट मिळणार का, मुख्य दोराशिवाय दुसरा सेफ्टी दोर लावणार का, आणि त्या रविवारी एकूण किती लोक नेताय. पहिला रॅपल साधारण 40-50 फुटांचा आहे, एकेका माणसाला उतरवायला वेळ लागतो, आणि साठ जणांच्या रांगेत तुमचा नंबर दुपारी तीनला लागला तर पुढची सगळी वाट अंधारात होणार, हे साधं गणित आहे. उत्तर गोलगोल मिळालं तर पैसे भरू नका. हेल्मेट तर रॅपल नसेल तरी असलेलं बरं, वरून माकडांच्या पायाने दगड सुटतात.

स्पीकर आणि सेंट घरी ठेवा. सह्याद्रीच्या कड्यांना आग्यामोहोळ असतात, धूर, उग्र वास किंवा गोंगाट यांनी ती उठली की त्या अरुंद जागेत जायचं कुठे?

आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर त्यांना पहिल्या डोहाच्या अलीकडपर्यंत न्या, भिंतींची उंची तिथूनही दिसते, आणि मग एका मोठ्या माणसासोबत त्यांना रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर बघायला पाठवा. त्यावरचं कोरीवकाम शांतपणे बघण्यासारखं आहे आणि त्यांचा दिवस नुसता वाट बघण्यात जात नाही.

कोणाचा पाय मुरगळलाच तर बूट काढायचा नाही, सुजेवर तो परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज घट्ट बांधा, आणि दोघं पुढे गावात पाठवा, एकट्याला नाही. साम्रदची मुलं दरीतला दगड न् दगड ओळखतात, माणूस बाहेर कसा काढायचा ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यांचं ऐका. पुढे उपचारांसाठी राजूर किंवा घोटी गाठावी लागते, त्यामुळे दमलेला नाही असा एक तरी ड्रायव्हर ग्रुपमध्ये हवा.

जेवण दरीत शिरायच्या आधी सांगून ठेवा, माणसं मोजून, परत यायची वेळ सांगून. पिठलं-भाकरी गरम मिळते, आणि त्याचा दुसरा फायदा असा की ठरल्या वेळेला तुम्ही आला नाहीत तर तुम्हाला शोधायला निघणारं गावात कोणीतरी असतं.