संक्रमण वक्राची लांबी काढण्याआधीची तयारी

काटोलच्या बाजूच्या एका दुपदरी रस्त्यावर माझ्या हातून संक्रमण वक्राची, म्हणजे सरळ रस्ता आणि गोल वळण यांना जोडणाऱ्या, हळूहळू वळत जाणाऱ्या भागाची, लांबी चुकली आणि रोवलेल्या खुंट्या उपटून वक्राची आखणी नव्याने करावी लागली, म्हणून ही यादी लिहीत आहे.

वेग आणि त्रिज्या हाताशी असतातच. भूभागाचा प्रकार आधी नोंदवावा, कारण सुपरएलिव्हेशन (वळणावर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवणारा आडवा उतार) चढवण्याचा दर मैदानात १५० ला १ (१५० मीटर लांबीत १ मीटर चढ), तर डोंगरात ६० ला १ पर्यंत चालतो. वक्रावरचे जादा रुंदीकरण रुंदीत मिळवावे.

यानंतर, एकही सूत्र मांडण्यापूर्वी, रस्ता कोणत्या रेषेभोवती फिरवला जाणार आहे हे विचारावे: मध्यरेषेभोवती की आतल्या कडेभोवती? मी हे विचारले नव्हते. मध्यरेषेभोवती फिरवल्यास अर्धी उंची बाहेर चढते, अर्धी आत उतरते आणि सुपरएलिव्हेशनच्या निकषाने येणारी लांबी निम्मी होते. पण नागपूरच्या सपाट काळ्या मातीत आतली कड खाली गेली की पाणी तिथेच साचते आणि फुगणारी माती बाजूपट्टी उचलते. म्हणून निचरा पाहणारे सहकारी आतली कड जागेवर ठेवून बाहेरची उचलतात, आणि ते योग्यच आहे.

ताशी ८० किलोमीटर वेग आणि ३०० मीटर त्रिज्या घ्या. सुपरएलिव्हेशन सूत्राने ९.५ टक्के येते, पण मैदानी मर्यादा ७ टक्क्यांची आहे. रुंदीकरणासह रस्ता ७.६ मीटर. केंद्रोत्सारी (वळणावर बाहेर ढकलणाऱ्या) त्वरणाच्या बदलाच्या दराने लांबी ७१ मीटर येते, व्यवहारसूत्राने (अनुभवावर बसवलेल्या सूत्राने) ५८. सुपरएलिव्हेशनने मात्र मध्यरेषेभोवती ४० आणि आतल्या कडेभोवती ८०. तिन्हींतली सर्वांत मोठी घ्यायची असते. मी ४० धरून ७१ वर थांबलो. छेदात (रस्ता आडवा कापून दाखवणाऱ्या आराखड्यात) मात्र रस्ता आतल्या कडेवरून उचललेला होता. बाहेरच्या कडेला ५३ सेंटिमीटर चढायला ७१ मीटरच मिळाले आणि चढ १३३ ला १ इतका तीव्र झाला. लांबी ८० केल्यावर संक्रमण वक्राला जागा देण्यासाठी गोल वळणाचे आत सरकणे ७० वरून ८९ सेंटिमीटरवर गेले आणि पुढची सगळी चेनेज (रस्त्याच्या आरंभापासून मोजलेली अंतरे) बदलली. तेव्हा पुन्हा सांगतो, आतली कड की मध्यरेषा, हे उत्तर छेद काढणाऱ्याकडून लेखी घ्यावे; तोंडी नको, गृहीत तर मुळीच नको.

रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गाला संक्रमण वक्र घनपरवलयाचा (अंतराच्या घनाच्या प्रमाणात बाजूला सरकणारा) असतो आणि निकष वेगळे आहेत: मिलिमीटरमधील कँट (बाहेरच्या रुळाची आतल्या रुळापेक्षा जादा उंची) गुणिले वेग गुणिले ०.००८, कँटच्या तुटीचा (वेगाला लागणाऱ्या कँटपेक्षा जेवढा कमी दिला त्याचा) तसाच गुणाकार, आणि ०.७२ गुणिले कँट. यांतले मोठे घ्यावे. १०० मिलिमीटर कँट आणि ताशी १०० किलोमीटर वेगाला ८० मीटर येतात.

शेवटी, शेजारी उलट वक्र, म्हणजे विरुद्ध दिशेला वळणारा वक्र, असेल तर मधली सरळ लांबी मोजावी. प्रत्येक संक्रमण वक्राचा सुमारे अर्धा भाग सरळीवर येतो, म्हणजे ८० मीटरच्या दोन संक्रमण वक्रांना मूळ स्पर्शबिंदूंमध्ये (संक्रमण वक्र नसता तर गोल वळण जिथे सरळीला भेटले असते त्या बिंदूंमध्ये) निदान ८० मीटर लागतात.