मालवाहू ट्रेलरसाठी एअर सस्पेन्शन की पाटे?

ट्रेलरचे सस्पेन्शन निवडताना बहुधा पूर्ण भाराचाच विचार होतो. माझ्या मते मात्र पहिला प्रश्न असा असावा की हा ट्रेलर किती अंतर रिकामा किंवा अर्धवट भरलेला धावणार आहे. पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, ताठरपणा पूर्ण भार पेलण्याच्या हिशेबाने ठरवलेला असतो आणि माल उतरल्यावरही तो फारसा कमी होत नाही, म्हणून रिकामा ट्रेलर खड्ड्यांवरून उसळत जातो, चाकांची रस्त्यावरील पकड सुटते आणि आत थोडा माल असेल तर तोच अधिक आदळतो. एअर सस्पेन्शनमध्ये लेव्हलिंग व्हॉल्व्ह भारानुसार एअर बॅगमधील, म्हणजे हवा भरलेल्या रबरी पिशव्यांमधील, दाब कमी-जास्त करून ट्रेलरची उंची कायम राखतो, आणि दाब उतरला की बॅगही नरम होते. काच, नाजूक यंत्रे किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू नेणाऱ्याने म्हणूनच एअर सस्पेन्शनचा जादा खर्च सोसावा. बॅगमधील दाबावरून अॅक्सलवरील भाराचा अंदाज येतो आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटाच्या उंचीशी ट्रेलर जुळवता येतो, हे फायदेही लहान नाहीत.

दगड, वाळू, लोखंड असा माल कच्च्या रस्त्याने, दुरुस्तीच्या सोयीपासून दूर न्यायचा असेल, तर मी निःसंकोचपणे पाटे सुचवेन. तुटलेला पाटा साध्या अवजारांनी बदलता येतो. त्यासाठी हवेच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह यांची माहिती लागत नाही. अॅक्सलला पाट्यांशी आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या घट्टपणाची तपासणी मात्र नियमित हवी, कारण ते सैल झाले की अॅक्सल जागेवरून सरकू शकतो.

एअर सस्पेन्शन घेणाऱ्यांकडून शॉक अॅब्सॉर्बरकडे दुर्लक्ष होते, आणि ही चूक महागात पडते. पाट्यांच्या आपसांतील घर्षणाने उसळी काही प्रमाणात जिरते; एअर बॅगमध्ये तसे घर्षण जवळजवळ नसते, त्यामुळे झिजलेल्या शॉक अॅब्सॉर्बरसह धावणारा ट्रेलर डोलत राहतो आणि ज्या लाभासाठी पैसे मोजले तोच हातचा जातो. टिपर ट्रेलर असेल, तर माल ओतण्यापूर्वी बॅगमधील हवा सोडावी, अन्यथा उंचावलेला हौदा कलंडण्याचा धोका वाढतो.

कोणतेही सस्पेन्शन घ्या, मागणी नोंदवण्यापूर्वी ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिफ्थ व्हीलची (ट्रेलरचे पुढचे टोक ज्यावर टेकून जोडले जाते त्या तबकडीची) उंची मोजून ती निर्मात्याला कळवावी. ट्रेलर पुढून उंच राहिला, तर मागच्या अॅक्सलवर जास्त भार येतो आणि त्याचे टायर लवकर झिजतात.