अंतराळातली भाडोत्री फौज कथेत कशी उभी करावी

भविष्यातल्या अंतराळकथेत भाडोत्री फौज आणायची म्हटलं की बहुतेकजण आधी जहाज आणि बंदुका रंगवायला घेतात. माझं सांगणं आहे, सुरुवात पगारापासून करा. पैसे कोण देतो, कधी देतो आणि पगार थकला तर ही माणसं काय करतात, या तीन प्रश्नांची उत्तरं हातात असली की पात्रं, भांडणं आणि कथानक त्यातूनच निघत जातं.

इतिहास याच बाजूने साक्ष देतो. इसवी सनापूर्वी २४१ मध्ये रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्यातलं पहिलं प्युनिक युद्ध संपलं, कार्थेजने आपल्या भाडोत्री सैनिकांच्या थकबाकीत घासाघीस केली आणि त्याच सैनिकांशी त्याला तीन वर्षांहून जास्त काळ लढावं लागलं. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. पुण्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी शनिवारवाड्यात घुसले ते थकलेला पगार मागत. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचे सूत्रधार वेगळे होते, पण आत शिरायला निमित्त पगाराचंच होतं.

आता पायऱ्यांकडे वळू. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कंपनी धरून चालू. तिचं नाव ‘नालबंद’, माणसं साठ, मुक्काम सेरेस या बटुग्रहावर. मराठेशाहीत मोहिमेआधी शिलेदारांना जी उचल मिळायची तिला नालबंदी म्हणत, त्यावरून हे नाव.

पायरी १ : गिऱ्हाईक आणि अंतर ठरवा

नालबंदला मंगळावरच्या एका वसाहतीने बोलावलं आहे असं धरा. सेरेस सूर्याभोवतीची फेरी साधारण ४.६ वर्षांत पुरी करतो, मंगळ १.८८ वर्षांत. त्यामुळे सेरेसहून मंगळाकडे कमीत कमी इंधनात निघण्याची सोयीची वेळ तीन वर्षांहून थोड्या जास्त काळाने एकदा येते आणि त्या वाटेने पोचायला सुमारे एकोणीस महिने लागतात. निरोप प्रकाशाच्या वेगाने जातो, तरी त्याला ग्रहांच्या स्थितीप्रमाणे एका बाजूने साधारण दहा ते पस्तीस मिनिटं लागतात. उत्तर यायला तेवढीच आणखी.

या आकड्यांकडे नीट बघा, अर्धी कथा त्यांतच आहे. करारावर सही करणारं सरकार एकोणीस महिन्यांनी जागेवर असेल का? फौज निघाली तेव्हा ज्याच्याविरुद्ध लढायचं होतं, त्याच्याशी दरम्यान तह झाला तर? परतीची वेळ चुकली तर साठ माणसं गिऱ्हाइकाच्या दारात पुढची काही वर्षं अडकून पडणार, आणि तेवढा काळ त्यांना पोसायचं कोणी?

तुमच्या जगातली इंजिनं जास्त ताकदीची असतील तर असोत. प्रवास सहा महिन्यांचा करा, पण तो आकडा एकदाच ठरवून कागदावर लिहा आणि शेवटपर्यंत पाळा. तिसऱ्या प्रकरणात सहा महिने लागलेल्या वाटेने नायक आठव्या प्रकरणात आठवड्याभरात पोचला, तर वाचकाचा तुमच्या जगावरचा विश्वास उडतो.

पायरी २ : करारनामा खरोखरच लिहून काढा

ही पायरी कोणीही गाळू नये. चौदाव्या-पंधराव्या शतकात इटलीतली शहरं भाडोत्री सरदारांशी जो करार करत त्याला ‘कोंदोत्ता’ म्हणत आणि त्यावरून त्या सरदारांना ‘कोंदोत्तिएरी’. हे करार अतिशय बारकाईने केलेले असत. किती माणसं, किती घोडे, किती महिने पक्के, पक्की मुदत संपल्यावर मालकाच्या मर्जीवर आणखी किती, आगाऊ रक्कम किती, हे सगळं त्यांत लिहिलेलं असे. घोड्यांचं वर्णन नोंदवून ठेवत, पाहणी होई आणि हजेरीत कमी भरलं तर दंड कापला जाई. चाकरी सुटल्यावर अमुक काळ जुन्या मालकाविरुद्ध शस्त्र धरायचं नाही, असंही कलम काही करारांत असे.

तुमच्या कंपनीचा करार एका पानात बसवा. त्यात निदान एवढं यायला हवं : उचल किती आणि कोणत्या रूपात, प्रवासाचे महिने पगारी की बिनपगारी, जहाजाचं नुकसान कोणी सोसायचं, मेलेल्याचे पैसे कोणाला, लुटीत वाटा कोणाचा, आणि वाद झाला तर निवाडा कुठे. हे पान कथेत जसंच्या तसं छापायची गरज नाही. पण प्रत्येक कलमापुढे पेन्सिलने लिहा की हे कलम कोण मोडेल. ज्या कलमापुढे सगळ्यात आधी नाव सुचेल, तिथून कथा सुरू करा.

पैशाच्या रूपाचा विचार जरा जास्त करा. एका वसाहतीचं चलन दुसरीकडे चालेलच असं नाही. महादजी शिंद्यांनी आपल्या चाकरीतल्या द बॉइन्या या युरोपीय सेनानीच्या कवायती पलटणींच्या खर्चासाठी दोआबातले परगणे लावून दिले होते, म्हणजे पगाराची सोय थेट महसुलातून झाली. नालबंदला मंगळवाल्यांनी रोख रकमेऐवजी बर्फाच्या खाणीचं उत्पन्न तोडून दिलं असं समजा. पाणी म्हणजे पिणं, त्यातून प्राणवायू, त्यातूनच इंधन. त्या दिवसापासून ही फौज कोणाची तरी सावकार झाली आणि खाणीत राबणाऱ्यांची मालकही. लढाई संपली तरी ती तिथून हलणार का, हा प्रश्न मला कुठल्याही चकमकीपेक्षा मोठा वाटतो.

पायरी ३ : शिलेदार कोण आणि बारगीर कोण

हा भेद आपल्या इतिहासाने आयता दिला आहे, तो वापरा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचं भांडवलच गेलं, म्हणून तो जपून लढणार. बारगीर धोका पत्करेल, पण त्याच्या मालकीचं काहीच नसल्याने तो सरदाराला बांधलेला.

अंतराळात घोड्याच्या जागी पोशाख ठेवा. नालबंदमधल्या वीस जणांचे अंतराळपोशाख स्वतःचे आहेत, चाळीस जणांचे कंपनीचे. आता कंपनीचा हिशोब ठेवणाऱ्या फडणीसबाईच्या वहीतली एक नोंद पाहा : ‘बारगीर क्रमांक ३१. उजवा हातमोजा, तर्जनीच्या टोकाशी ठिगळ. दुरुस्ती पगारातून वजा. तिसऱ्यांदा.’ दाबाखालच्या ताठ हातमोज्यात तासन्‌तास काम केल्यावर खऱ्या अंतराळवीरांची नखं उखडल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे क्रमांक ३१ च्या बाईची तर्जनी दुखते आहे, ठिगळ पुन्हा उसवणार हे तिला ठाऊक आहे आणि प्रत्येक वेळी पैसे तिचेच कापले जाताहेत. शेजारी उभा असलेला शिलेदार आपला नवा मोजा तेल लावून पुसतोय. दोघांना एकाच दारातून बाहेर पाठवा. संवाद आपोआप सुचतील.

पायरी ४ : जहाजाचा हिशोब करा, पण थोडक्यात

माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो प्राणवायू लागतो. साठ जणांना पन्नास किलो. एकोणीस महिन्यांचा साठा नुसता टाक्यांत भरला तर जवळपास एकोणतीस टन होतो, म्हणून हवा-पाणी पुन्हा वापरणारी यंत्रणा हवीच. ती सांभाळणाऱ्या बाईचा कंपनीत दरारा असणार. वजनरहित अवस्थेत भार पेलणारी हाडं महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतात आणि त्याविरुद्ध अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. जहाज गरगर फिरवून कृत्रिम वजन निर्माण करणार नसाल, तर तुमचे शूर लढवय्ये मंगळावर उतरताना लटपटत उतरतील आणि समोर तिथेच जन्मलेली मुलं पाय रोवून उभी असतील.

इंधनाचं गणितही निर्दय आहे. जहाजाला वेगात जो एकूण बदल करायचा आहे तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताच्या वेगाच्या दुप्पट असेल, तर रिकाम्या जहाजाच्या दर टनामागे सहा टनांहून जास्त इंधन लागतं. जादा तोफ नेणं म्हणजे जादा इंधन नेणं. एवढं पुरे, याहून खोलात गेलात तर कथा मागे पडेल.

पायरी ५ : लढाई जागेप्रमाणे लिहा

सेरेसवर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्श्याइतकं आहे आणि तिथला मुक्तिवेग, म्हणजे ज्या वेगाने सुटलेली वस्तू परत खाली पडत नाही तो वेग, सेकंदाला साधारण अर्धा किलोमीटर. साध्या रायफलच्या गोळीचा वेग याहून जास्त असतो. म्हणजे सेरेसवर आडवी झाडलेली गोळी वाटेत काही लागलं नाही तर कायमची निघून जाते. आणि झाडणारा स्वतः कशाला तरी धरून उभा नसेल तर मागे ढकलला जातो. कक्षेत फोडलेल्या जहाजाचे तुकडे मात्र तिथेच फिरत राहतात आणि शत्रू-मित्र पाहत नाहीत. चीनने २००७ मध्ये स्वतःचा एक उपग्रह क्षेपणास्त्राने उडवला तेव्हा मागोवा घेता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले.

लपणंही अवघड. माणसं आणि यंत्रं उष्णता टाकणार, ती निर्वात पोकळीत फक्त प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपानेच, बाहेर जाणार आणि थंड आकाशात ती दुरून दिसणार. म्हणून शहाणी भाडोत्री फौज लढाई शक्यतो टाळेल. पाण्याची वाहिनी, हवेचं केंद्र, जहाजं लागायचा धक्का असं एखादं ठिकाण ताब्यात घेऊन वाटाघाटीला बसेल. पगारावर लढणाऱ्याला जिवंत राहून पगार घ्यायचा असतो, हे लक्षात ठेवूनच प्रत्येक चकमक लिहा.

पायरी ६ : कायदा कोणता, ते ठरवा

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खाजगी संस्थांच्या अंतराळातल्या कृत्यांचीही जबाबदारी त्यांच्या देशावर येते. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारातलं ४७ वं कलम सांगतं की भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याचा हक्क नाही. हे दोन धागे पकडा. नालबंदचं जहाज कोणत्या झेंड्याखाली नोंदलेलं आहे आणि पकडली गेलेली तिची माणसं कैदी ठरतात की गुन्हेगार? कंपनी स्वतःला ‘संरक्षण सेवा’ म्हणवते ती याच भीतीने.

पायरी ७ : निष्ठेची परीक्षा घ्या

भाडोत्री म्हणजे बेइमान, हे गृहीतक सोडून द्या. ते खोटं आहे आणि त्याने पात्रं पोकळ होतात. पानिपतावर मराठ्यांकडे पगारी चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी लढाईच्या सकाळी भाऊसाहेबांकडे गेला, तो प्रसंग एका समकालीन वृत्तांतात आहे. ‘माझ्या माणसांच्या वेळच्या वेळी पगारासाठी मी हट्ट धरतो म्हणून आपण नाराज होता. या महिन्याचा तर पगारच मिळालेला नाही. पण आज आम्ही खाल्ल्या अन्नाला जागून दाखवू,’ अशा अर्थाचं तो बोलला आणि तसाच लढला. पकडला गेला, मारला गेला. पगारासाठी भांडणारा आणि प्राण देणारा माणूस एकच होता. असं एक पात्र तुमच्या कंपनीत हवंच.

दुसरी बाजूही आहे. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू होताच द बॉइन्याच्या जागी आलेला पेरों शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रज सेनापती लेक याच्या आश्रयाला गेला, बरेच युरोपीय अधिकारीही निघून गेले. त्याच पलटणींतले हिंदुस्थानी शिपाई मात्र असईला आणि लासवारीला चिवटपणे लढले. नालबंदचा कप्तान शत्रूची रक्कम घेऊन एकटा पसार झाला आणि जहाजावर साठातले एकोणसाठ उरले, तर सकाळची हजेरी कोण घेईल? हे प्रकरण फडणिसाच्या नजरेतून लिहून पाहा. तिजोरीत किती आहे हे फक्त तिला ठाऊक आहे.

पायरी ८ : आवाका ठरवा आणि तपासून घ्या

दिवाळी अंकासाठी कथा लिहीत असाल तर एकच करार घ्या, सहीपासून हिशोब मिटेपर्यंत, आणि नावानिशी पात्रं पाच-सहाच ठेवा. कादंबरी असेल तर दुसरा करार पहिल्याच्या थकबाकीतून जन्माला येऊ द्या. हिशोब मिटवण्याचा प्रसंग घाईत उरकू नका. मेलेल्या सैनिकांची नावं हजेरीत तशीच ठेवून त्यांचा पगार खिशात घालणारे कप्तान युरोपात खूप होऊन गेले. तुमच्या वहीत एखादं तसं नाव असेल तर ते इथेच उघडं पडायला हवं.

पहिला खर्डा झाला की तो विज्ञानकथा सहसा न वाचणाऱ्या एखाद्याला द्या. इंजिनं समजली का, हे विचारू नका. शेवटच्या पानावर कोण कोणाला किती देणं लागतो, एवढंच विचारा. त्याला सांगता आलं नाही तर करारनाम्याचं पान पुन्हा समोर घ्या आणि दुसऱ्या प्रकरणापासून नव्याने लिहा.