जुना टेनर बँजो रिस्टोर करताय? पॉलिशचा डबा खाली ठेवा, आधी या चुका टाळा

बँजो म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी. तिथलं ते बटणांचं वाद्य खरं तर बुलबुल तरंग. मी सांगतोय ते वेगळं, १९२०च्या दशकात अमेरिकेत जॅझ बँडमध्ये वाजायचा तो चार तारांचा टेनर बँजो: लाकडी गोल रिम, त्यावर ड्रमसारखं ताणलेलं कातडं, आणि पितळी वाद्यांच्या गोंगाटातही ऐकू येईल असा टणक आवाज. १९३०च्या दशकात गिटारने त्याची जागा घेतली आणि हे सगळे बँजो माळ्यावर गेले, तेच आता "फुल्ली रिस्टोर्ड" असं लिहून ऑनलाइन विकायला येतात.

माझा पहिला बँजो व्हेगा कंपनीचा लिटल वंडर, म्हणजे इथे बॉस्टनमध्येच बनलेला. विकणाऱ्याने असा चकाचक करून दिला होता की त्यात तोंड बघून घ्या, आणि आवाज म्हणाल तर पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटल्यासारखा. पुढच्या दोन वर्षांत मी त्यावर जेवढ्या चुका केल्या त्यातूनच हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक: ब्रिज घासायची घाई

उन्हाळ्यात इथे दमट हवा, तर तारा पडद्यांना लागून खरखरायला लागल्या. मी आणला उंच ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा. मग हिवाळ्यात घरात हीटर चालू झाला, हवा कोरडी, आणि तारा इतक्या वर गेल्या की दाबताना बोटं दुखायला लागली, म्हणून तोच ब्रिज घासून खाली केला. पुढच्या उन्हाळ्यात परत खरखर! असे तीन ब्रिज वाया घालवले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की ब्रिजचा काही दोषच नाही, खाली वासराचं कातडं आहे आणि ते ओलाव्याने सैल पडतं, कोरड्या हवेत आवळतं. ब्रिज त्याच्यावर नुसता टेकलेला असतो, चिकटवलेला नसतो, त्यामुळे कातडं खचलं की ब्रिजही खचतो आणि त्याच्याबरोबर ताराही. ज्याने पावसाळ्यात तबला लावलाय त्याला हे वेगळं सांगायला नको, पण मला गिटारची सवय, मी लाकडातच चूक शोधत बसलो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी हेडचा, म्हणजे रिमवरच्या कातड्याचा किंवा प्लास्टिकचा ताण. मग ब्रिजची उंची, टेनरला अर्धा इंच किंवा पाच अष्टमांश इंच हे नेहमीचे माप. मग ब्रिजची जागा, नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर साधारण तेवढंच बाराव्यापासून ब्रिजपर्यंत, आणि बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेशी ताडून थोडं पुढेमागे. एवढं करूनही तारा वरच असतील तर मगच दांडीच्या जोडाकडे बघायचं. व्हेगासारख्या जुन्या बँजोत दांडीचाच एक लाकडी दांडा रिमच्या आरपार जातो आणि आतल्या ब्रेसने आवळलेला असतो, तो जोड शंभर वर्षांत ढिला होतोच. आणि गिब्सन कंपनीच्या बँजोतले आतले धातूचे रॉड पिळून तारा खाली आणायचा शॉर्टकट तर नकोच, थोडंफार चालतं पण जास्त पिळलं की रिमच अंडाकृती होते.

हेड: मापात चूक, मग ताणात चूक

"हेड ११ इंची असतं" असं सगळीकडे वाचाल, आणि आजच्या बँजोला ते खरंही आहे. जुन्याला नाही. पूर्ण इंचात न बसणारी विचित्र मापं व्हेगात सर्रास निघतात, गिब्सनचे १९२०च्या सुरुवातीचे काही तर १२ इंची आहेत. मी अंदाजाने ११ची मागवली, ती बसलीच नाही, परत पाठवायचा खर्च हेडपेक्षा जास्त. तर जुनं हेड काढून टोन रिंगचा (रिमवर बसवलेली, हेड जिच्यावर टेकतं ती धातूची कडी) बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजायचा, दोनतीन दिशांनी, कारण रिम गोल राहिलेली नसली तर ते इथेच कळतं. हेडच्या कडेची उंची, म्हणजे क्राउन, हेही मोजा, नाहीतर हेड खाली दाबून धरणारी वरची कडी नीट बसत नाही.

कातडं की प्लास्टिक? प्लास्टिकची हेड १९५०च्या दशकाच्या शेवटी आली, तेव्हा १९२५च्या बँजोवर प्लास्टिक म्हणजे आवाज मुळातलाच आहे असं म्हणता येणार नाही, पण रोज वाजवायला मी प्लास्टिकच लावतो, हवामानाची कटकट नाही. कातड्याचा आवाज गोलसर आणि लवकर विरणारा, तो पाहिजे असेल तर कटकट सोसा.

ताणताना ही कडी खाली ओढणाऱ्या हुकांचे एका बाजूचे नट (तारांचा नट वेगळा) भराभर आवळत गेलात तर कडी तिरकी झालीच समजा. समोरासमोरचे नट घ्यायचे, प्रत्येकाला अष्टमांश फेरा, अख्खी फेरी झाली की थांबायचं, बोटाने सगळीकडे टकटक करून आवाज सारखा येतोय का ऐकायचं, तबल्याच्या घराघरात हातोडी मारतात तसंच. ड्रम डायल, म्हणजे हेडचा ताण मोजायचं यंत्र, असेल तर प्लास्टिकला ८८ ते ९०च्या आसपास. कातड्याला मात्र त्या आकड्याच्या मागे लागू नका, फाटेल. आणि दमट दिवशी तर कच्चून ताणूच नका, कोरडी हवा आली की तेच कातडं अजून आवळतं आणि एका रात्री फट्‌कन जातं.

तारा

टेनरचं मूळ ट्यूनिंग सी-जी-डी-ए. आयरिश संगीतवाले जी-डी-ए-ई लावतात, व्हायोलिनच्या एक सप्तक खाली, डब्लिनर्स या आयरिश बँडच्या बार्नी मकेनामुळे ते रूढ झालं. चूक अशी होते की लोक सी-जी-डी-एचाच सेट ठेवून खाली उतरवतात, मग तारा लोंबतात आणि सगळं खरखरतं. त्याला जाड सेटच लागतो, सगळ्यात जाड तार ०.०३०ऐवजी ०.०४०च्या आसपास. आता त्या जाड तारेसाठी नटची खाच रुंद करावी लागते, तेव्हा जुन्या हाडाच्या नटवर कानस चालवू नका, तो काढून डबीत ठेवा आणि नवीन करून घ्या. बाकी टेलपीसला (खालच्या टोकाला तारा अडकवायची पट्टी) तारेचं टोक अडकतं ते लूपचं की बॉलचं ते बघून तारा मागवा, एवढंच.

आवाज आवडत नाही म्हणून टोन रिंग बदलणं

हे करू नका हो. प्रत्येक कंपनीचा आवाज त्या रिंगमध्येच आहे. व्हेगाच्या ट्यूबाफोनमध्ये भोकं पाडलेली चौकोनी पोकळ पितळी नळी असते. गिब्सनच्या बऱ्याच टेनरमध्ये आर्चटॉप रिंग, तिच्यात कातड्याचा कंप पावणारा भाग लहान होतो म्हणून आवाज टोकदार. फ्लॅटहेडमध्ये तोच भाग मोठा, म्हणून खर्जाला भर. पाच तारांचा बँजो वाजवणाऱ्या ब्लूग्रास संगीतवाल्यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिब्सन टेनरना पाच तारांची नवीन दांडी लावून लावून मूळ टेनर कमी करून टाकले. त्यामुळे विकत घेतानाच आत डोकवा. व्हेगात सिरियल नंबर दांड्यावर आणि रिमवर दोन्हीकडे असतो, दोन्ही जुळले नाहीत तर दांडी एकाची आणि पॉट, म्हणजे रिमचा गोल भाग, दुसऱ्याचं, मग "ऑल ओरिजिनल"ची किंमत का द्यायची?

पॉलिश

बेकन अँड डे सिल्व्हर बेलसारख्या भारी मॉडेलवर सोन्याचा मुलामा आणि वर कोरीवकाम, त्यावर पितळ घासायचं पॉलिश फिरवलं की मुलामा गेला आणि कोरीवकामाच्या कडाही बोथट. मऊ सुती कापड, फार तर किंचित ओलं, बास. दुसरं म्हणजे शिंपल्यासारखं चमकणारं फिंगरबोर्ड बऱ्याचदा सेल्युलॉइडचं असतं, अ‍ॅसिटोन लागलं की ते विरघळतं. माझ्या ओळखीतल्या एकाने स्टिकरचा गोंद काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरला, तिथे आता बोटाचा ठसा कायमचा आहे.

खडखड येतेच आहे?

एकाने तीच तार वाजवत राहायची, दुसऱ्याने एकेक भाग बोटाने दाबत जायचं: टेलपीसचं झाकण, आर्मरेस्ट, ढिले हुक, रेझोनेटरचे (मागचं लाकडी झाकण) स्क्रू, खुंट्यांची बटणं. दाबल्यावर खडखड थांबली की तोच भाग. खुंटी घसरत असेल तर आधी बटणाच्या टोकाचा स्क्रू आवळून बघा, दांडीच्या डोक्याला नवीन भोकं पाडून गिटारच्या खुंट्या बसवू नका. माझ्या लिटल वंडरची खडखड तर चारही खुंट्या आणि सगळे हुक दाबून झाले तरी जाईना, शेवटी बायको म्हणाली तुझ्या शर्टाचं बटण लागतंय त्याला.