जुन्या डेस्कटॉपला घरातलं वायफाय कसं जोडायचं

बाबांचा डेस्कटॉप 2010 चा आहे, कोअर टू ड्युओ, विंडोज 7, आणि तो बदलायचा विषय काढला की घरात भांडण होतं कारण त्यात मराठी टायपिंगचं श्रीलिपी आहे आणि सोसायटीचे सगळे जुने हिशेब. आधी राउटर टेबलावरच असायचा, फायबर आलं तेव्हा राउटर हॉलमध्ये गेला, कॉम्प्युटर राहिला आतल्या खोलीत, आणि आई भिंतीला भोक पाडू देईना. तुमच्याकडे भोक चालत असेल तर सरळ लॅन केबल टाका, त्याच्यासारखं काही नाही. नाहीतर डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा वायफाय अडॅप्टर.

आधी बघा की वायफाय आहे का आतच. जुन्या डेस्कटॉपमध्ये शक्यतो नसतंच, पण कॉम्प्युटर आयकॉनवर राइट क्लिक करा, मॅनेज, डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तिथे वायरलेस असं काही दिसलं तर पैसे वाचले.

यूएसबी डोंगल हजाराच्या आत मिळतो. विकत घेताना फक्त दोन गोष्टी वाचा, तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, मिळतो का आणि डोंगल ड्युअल बँड आहे का, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालतो का. स्वस्तातले 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, मग राउटरची दोन नावं असतील तर त्यातलं 5 वालं दिसतच नाही आणि आपण डोंगल खराब म्हणून परत करायला निघतो. आतली खोली लांब असेल तर तसंही 2.4 च बरं, भिंतीतून तेच जास्त लांब पोचतं. फार महागाचा घेऊ नका, जुन्या मशीनचे पोर्ट यूएसबी 2 चे, त्याची मर्यादा कागदावरच 480 एमबीपीएस.

आता खरी गंमत ड्रायव्हरची. बॉक्समध्ये सीडी येते आणि बाबांचा सीडी ड्राइव्ह कधीच मेलाय. नेट हवं तर ड्रायव्हर पाहिजे, ड्रायव्हर हवा तर नेट पाहिजे. तर मोबाइलवर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर डाउनलोड करा आणि केबलने कॉम्प्युटरवर कॉपी करा, झालं. डोंगलच्या स्टिकरवर मॉडेलच्या पुढे व्ही1, व्ही2 असं बारीक छापलेलं असतं ते भिंग लावून का होईना वाचा, कारण नाव तेच आणि आतली चिप वेगळी असं होतं, मी चुकीचा टाकून अर्धी दुपार घालवली. दुसरा उपाय म्हणजे यूएसबी टेदरिंग, अँड्रॉइड फोन वायफायला जोडलेला ठेवून केबल लावायची आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये टेदरिंग ऑन करायचं, मग बहुतेक फोन तेच वायफाय कॉम्प्युटरला देतात, डेटा पॅक जात नाही. नुसती चार्जिंगची केबल मात्र चालत नाही.

डोंगल कॅबिनेटच्या मागे खुपसू नका. मी तेच केलं होतं, मागे लोखंडी पत्रा, त्यामागे भिंत, सिग्नलची एकच दांडी आणि तीही येऊन जाऊन. मग दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन घेतली आणि डोंगल मॉनिटरच्या वर चिकटपट्टीने लावला, चार दांड्या. दिसतं विचित्र पण चालतंय.

मग उजवीकडे खाली घड्याळाजवळचा नेटवर्कचा आयकॉन, आपल्या वायफायचं नाव, पासवर्ड. पासवर्ड बरोबर असून घेत नसेल तर राउटरची सिक्युरिटी बघा, फक्त डब्ल्यूपीए3 (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवली असेल तर विंडोज 7 ला ती कळत नाही, डब्ल्यूपीए2 किंवा मिक्स्ड करा. विंडोज एक्सपी असेल तर डब्ल्यूपीए2 साठी आधी त्याचा सर्व्हिस पॅक 3 हा मोठा अपडेट पाहिजे.

जोडलं पण पिवळा त्रिकोण येतोय? कनेक्शनचं स्टेटस, डिटेल्स उघडा, आयपी 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही, राउटर बंद करून चालू करा. जुन्या ब्रॉडबँडचा डायलर, म्हणजे कनेक्ट करा म्हणणारी खिडकी, मध्येमध्ये उगवत असेल तर इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, तिथे 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडा.

आमच्याकडे तर सगळं जोडलं, सिग्नल फुल, आणि एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेटची बोंब. तासाभराने लक्ष गेलं की तारीख 2009 ची दाखवतोय, आणि तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट त्याला चुकीचं वाटतं. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. सीआर2032, घड्याळाच्या दुकानात मिळतो, मेन स्विच बंद करून बदला आणि तारीख लावा.

आणि हो, विंडोज 7 चे अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले आणि क्रोमही त्यावर 109 च्या पुढे जात नाही, तेव्हा बँकेचं काम त्या मशीनवर नको. बाबांना ते मी अजून पटवतोय.