आउट होऊन बाहेर बसल्यावर डोकं ताळ्यावर कसं ठेवायचं (कबड्डीच्या रेडरसाठी, म्हणजे चढाई करणाऱ्यासाठी)

कबड्डीत टो टच म्हणजे पायाच्या बोटांनी शिवणं शिकवतात, बोनस म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण घ्यायला शिकवतात, पळवून पळवून स्टॅमिना वाढवतात, पण पकडलं गेल्यावर बाहेर जाऊन बसायचं तेव्हा नेमकं काय करायचं हे कुणीच सांगत नाही. मी बारा वर्षं रेडर म्हणून खेळलो, आता संध्याकाळी गावातल्या पोरापोरींना शिकवतो, आणि माझं मत पक्कं झालंय की रेडरचं मन घडतं ते त्या बाहेरच्या जागेवरच.

कारण बघ, चढाई ३० सेकंदांची, त्यात घाबरायलाही वेळ मिळत नाही. पण आउट झालं की कधी कधी दोन-तीन मिनिटं नुसतं बसून राहायचं, आत जायचं ते ज्या क्रमाने आउट झालो त्याच क्रमाने, बोनसच्या गुणावर तर कुणी आत येतच नाही, म्हणजे आपल्या हातात काहीच नाही आणि मग डोकं सुटतं. सर काय म्हणतील, घरचे बघायला आलेत, उगाच गेलो तिकडे... माझं एका तालुक्याच्या फायनलला हेच झालं. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, तिसरी माझी, म्हणजे गुण आणायचाच नाहीतर आउट, उजव्या कॉर्नरने (टोकाला उभ्या असलेल्या पकड करणाऱ्याने) घोटा धरला आणि मधली रेषा माझ्या बोटांपासून वीतभर राहिली. बाहेर बसून तीच पकड मी मनात पुन्हा पुन्हा बघत बसलो, आणि परत आत गेलो तेव्हा त्या कॉर्नरकडे फिरकलोच नाही. समोरच्यांना ते लगेच कळलं, त्यांनी दुसरी बाजू दाबली आणि मला परत धरलं.

तर बसल्या बसल्या आधी श्वास. नाकाने तीन आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. सोडायचा श्वास लांबवला की छातीतली धडधड खाली येते, खरंच येते, करून बघ. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये इराणच्या मुलींनी फायनलला भारताला २७-२४ ने हरवलं, त्यांच्या कोच आपल्या नाशिकच्या शैलजा जैन होत्या आणि त्यांनी त्या मुलींकडून योगा-प्राणायाम करून घेतला होता. आपला तर खेळच दमाचा, आणि आपणच श्वासाकडे दुर्लक्ष करतो याचं मला फार वाईट वाटतं.

श्वास बसला की एक वाक्य मनात म्हणायचं, फक्त जे घडलं तेवढंच, स्वतःला शिवी नाही. "पाय मागे राहिला, कॉर्नर खोल होता." आणि लगेच पुढचं, "आता आधी कव्हरला (कॉर्नरच्या आत उभा असतो त्याला) हात दाखवायचा, मग कॉर्नर." बास, तो विषय संपला. मग मान वर करून मॅच बघायची, कोणाला धाप लागलीय, हात धरून उभ्या असलेल्यांची कोणती साखळी लवकर तुटते, कोण घाईने पुढे येतो. आत असताना हे दिसत नाही, बाहेरून दिसतं, म्हणून ती जागा फुकट घालवायची नाही.

पण हे मॅचच्या दिवशी आपोआप होणार नाही, याचीही प्रॅक्टिस लागते. आम्ही सरावात शेवटची पंधरा मिनिटं ठेवतो, पाय गळालेले असतात तेव्हाच. सांगायचं की दोन गुणांनी मागे आहोत, ४० सेकंद उरलेत, तिसरी चढाई, जा. बाकीचे जोरजोरात ओरडतात, आणि जो आउट होईल त्याने बाहेर बसून श्वास, वाक्य, निरीक्षण हे करायचं आणि मला येऊन सांगायचं काय दिसलं.

स्पर्धेला शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायची वेळ येते, झोप लागत नाही, तेव्हा मोबाईलवर स्वतःच्या पकडीचे व्हिडिओ बघत बसू नकोस. डोळे मिटून एक अख्खी चढाई खेळ, मधली रेषा ओलांडल्यापासून ३० सेकंद, पायाखाली मॅट, कानात गोंगाट, घोटा धरला गेला तरी वळून, लोळून रेषा गाठली इथपर्यंत. नुसता कप उचलताना बघून उपयोग नाही.

आणि कोच लोकांना हात जोडून विनंती, बाहेर बसलेल्या पोरावर ओरडू नका. त्याला तेव्हा तुमचा आवाज ऐकूही येत नाही, फक्त चेहरा दिसतो. कुणाची आठवडेच्या आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं, मैदानावर यायचीच भीती वाटायला लागली तर हे उपाय पुरणार नाहीत, डॉक्टरकडे किंवा खेळाच्या मानसतज्ज्ञाकडे घेऊन जा, लाजू नका.

मागच्या हिवाळ्यात आमची एक पोरगी लागोपाठ दोनदा धरली गेली. बसली, ओठ हलत होते, आकडे मोजत होती. मी जवळ जाऊन विचारलं, काय दिसलं गं? म्हणाली, "सर, डावी कॉर्नर दरवेळी आधी हात सोडते, मग झेपावते." पुढच्या चढाईत ती सरळ तिच्याकडेच गेली.