लॉस एंजेलिसमध्ये डोनट खायला निघताना

लॉस एंजेलिसमध्ये डोनटसाठी बाहेर पडायचे असेल, तर आधी वेळ ठरवावी आणि मग दुकान. यीस्टने फुगवलेला डोनट तळून पाकातून काढल्यावर जेमतेम काही तासच ऐन भरात असतो. त्यानंतर वरचा पाक चिकट होतो आणि आतली जाळी चिवट होऊ लागते. येथील बहुतेक छोट्या दुकानांत तळणीचे काम मध्यरात्रीनंतर सुरू होते, दुकान पहाटे चार-पाचच्या सुमारास उघडते आणि माल संपला की दुपारीच बंद होते. म्हणून रविवारी सकाळी सातच्या आत घर सोडावे. फ्रीवे त्या वेळी मोकळे असतात, हा त्यातला दुसरा लाभ.

कोणत्याही नव्या दुकानात पहिली मागणी साध्या ग्लेझ्ड, म्हणजे वर फक्त साखरेचा पाक असलेल्या, डोनटची करावी. त्यावर चॉकलेट नसते, सारण नसते, त्यामुळे पीठ नीट आंबले आहे की नाही आणि तेल ताजे आहे की नाही, हे पहिल्या घासातच कळते. दुसरा डोनट ‘ओल्ड-फॅशन्ड’ घ्यावा. हा यीस्टऐवजी बेकिंग पावडरवर फुगतो, तुलनेने मंद आचेवर तळला जातो, त्याच्या कडा तडकतात आणि त्या भेगांत पाक जाऊन बसतो. बालुशाही आवडणाऱ्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल, आणि मला विचाराल तर या शहरातला सर्वांत उत्तम डोनट हाच आहे. वर नाश्त्याची रंगीत सीरियल्स, बिस्किटे आणि पांडाचे चेहरे लावलेले डोनट मुलांसाठी घ्यावेत. त्यांचे छायाचित्र चवीपेक्षा चांगले येते.

येथील डोनटची दुकाने मुख्यतः कंबोडियातून आलेल्या कुटुंबांनी उभी केली, हे ठाऊक असले की शहर वेगळ्या नजरेने दिसू लागते. टेड न्गॉय हे गृहस्थ १९७५ साली निर्वासित म्हणून कॅलिफोर्नियात आले, विंचेल्स या साखळी दुकानात काम शिकले आणि १९७७ साली त्यांनी ला हाब्रा येथे ‘क्रिस्टीज’ नावाचे दुकान विकत घेतले. पुढे त्यांनी एकामागून एक दुकाने घेतली आणि मागून आलेल्या देशबांधवांना हे काम शिकवून ती चालवायला दिली. न्गॉय यांनी आपली सारी संपत्ती जुगारात घालवली. दुकाने मात्र त्या कुटुंबांच्या हाती राहिली. डोनट भरून देण्याचा गुलाबी खोकाही याच व्यवसायातून रूढ झाला, कारण गुलाबी पुठ्ठा पांढऱ्यापेक्षा काही सेंटांनी स्वस्त पडत असे. तेव्हा लाँड्री आणि नखे रंगवण्याच्या दुकानाच्या मध्ये दबलेले, फिकट पाटीचे एखादे दुकान दिसले आणि काउंटरमागे गुलाबी खोक्यांची चळत असली, तर बेलाशक आत शिरावे. सोबत रोख रक्कम ठेवावी. डझनभर घेतल्यास एखादा डोनट वर मिळण्याचीही शक्यता असते.

नावाजलेल्या दुकानांपैकी ‘रँडीज’ हे विमानतळाजवळ, इंगलवूड येथे, मँचेस्टर बुलेव्हारवर आहे. छपरावर उभा असलेला अवाढव्य डोनट १९५० च्या दशकातला आहे, आणि दुकान चोवीस तास उघडे असल्याने आई-बाबांना विमानतळावरून आणताना कोणत्याही वेळी थांबता येते. सॉटेल बुलेव्हारवरचे ‘प्रीमोज’ १९५६ पासून चालू आहे. तेथे ताकाच्या पिठाचा, विटेसारख्या आकाराचा ‘बटरमिल्क बार’ घ्यावा. फेअरफॅक्सच्या जुन्या फार्मर्स मार्केटमधले ‘बॉब्ज’ कॉफीबरोबर निवांत बसून खाण्यासाठी योग्य आहे. ही तीन दुकाने एका सकाळीत सहज होतात.

पूर्वेकडचा फेरा वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवावा. ला पुएंते येथील ‘डोनट होल’मध्ये गाडी दोन प्रचंड डोनटांच्या भोकांतून आरपार नेत खिडकीवर खरेदी करायची असते, नवविवाहित जोडपी शुभ म्हणून येथून गाडी नेतात. मात्र या फेऱ्याचे खरे कारण ग्लेन्डोरा येथील ‘डोनट मॅन’ हे आहे. शहराच्या मध्यभागापासून सुमारे ४० किलोमीटरवर, जुन्या ‘रूट ६६’ महामार्गावर, १९७२ साली जिम नाकानो यांनी हे दुकान काढले. येथे मोठा ग्लेझ्ड डोनट आडवा चिरून त्यात पाकात घोळलेल्या ताज्या स्ट्रॉबेरी अक्षरशः ओसंडून वाहतील इतक्या भरतात. स्ट्रॉबेरी हंगामातच, म्हणजे साधारणपणे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत मिळते; त्यानंतर तिची जागा पीच घेते. महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी-क्रीम खाल्लेल्यांनी ही तुलना अवश्य करून पाहावी. चमचा किंवा काटा मागून घ्यावा, अन्यथा सदरा वाचत नाही.

शाकाहारी मंडळींनी काही प्रश्न आधीच विचारून घ्यावेत. डोनटच्या पिठात अंडे असणे ही सामान्य गोष्ट आहे, त्यामुळे अंडे न खाणाऱ्यांनी ते नसेल असे गृहीत धरू नये. तळणीसाठी वनस्पती तेल वापरतात की प्राण्यांची चरबी, हेही विचारावे. मेपल पाकाच्या लांबट डोनटवर अनेकदा बेकन असते, आणि मार्शमॅलोत प्राण्यांपासून बनणारे जिलेटिन. हे सारे टाळायचे असल्यास हायलँड पार्कमधील ‘डोनट फ्रेंड’ येथे जावे. तेथील सर्व माल दूध-अंड्याविना बनतो.

उरलेले डोनट घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत पीठ लवकर शिळे पडते. क्रीम किंवा ताजे फळ भरलेले डोनट मात्र याला अपवाद आहेत, आणि ते त्याच दिवशी संपवावेत. दुसऱ्या दिवशी साधा ग्लेझ्ड डोनट मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा सेकंद ठेवला की पुन्हा लुसलुशीत होतो. ओल्ड-फॅशन्डला त्याचीही गरज भासत नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर तसाच खावा.